श्वासानं लढवलेली खिंड

“शरीर माझं आहे ना, बाबा? मग हुकूम कुणाचा चालायला हवा?”

केवळनाथ ओसरीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होते.

विचारणारा रेवण. वय पंचवीस. पूर्णेकाठच्या या मठात येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. अकराव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज इन्सुलिनच्या सुया. शाळेत पोरं त्याला ‘सुईवाला’ म्हणत. पुढे ठरलेलं लग्नही सुईपायीच मोडलं, आणि तो इथे निघून आला.

इथे मात्र त्याची मान ताठ होती. श्वास रोखून धरण्यात त्याचा हात धरणारा मठात कुणी नव्हता. अडीच मिनिटं तो सहज बसायचा.

“परवा सकाळी औषधाच्या सगळ्या बाटल्या नदीत फेकल्या,” रेवण म्हणाला. “ज्यानं श्वास जिंकला, त्याला सुई कशाला?”

भाजी निवडणारे हात थांबले. भगवी वस्त्रं घेण्याआधी केवळनाथांनी तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती.

“परवापासून एकही नाही?”

“एकही नाही.”

“तहान?”

“घागर पुरत नाही.”

“उलट्या?”

“काल दोन झाल्या. आतली घाण बाहेर पडतेय. पडू दे.”

केवळनाथ सरकून त्याच्याजवळ आले. रेवण तासाभरापासून एका जागी बसला होता, तरी त्याची छाती टेकडी चढून आल्यासारखी वरखाली होत होती. श्वासाला पिकून उतरलेल्या फळांचा वास होता.

“रेवण, श्वास थांबव.”

रेवण हसला. डोळे मिटून त्यानं नाक धरलं.

एक... दोन... तीन... चार...

तोंड आपोआप उघडलं. हवा भसकन आत गेली.

“पुन्हा.”

या वेळी तीनच. रेवणचा चेहरा लाल झाला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच दोन्ही हातांनी तोंड-नाक दाबून धरलं. हात बाजूला झाले, आणि श्वास धावत सुटला.

“हा कुणी घेतला?” केवळनाथांनी विचारलं.

“मी... मी नाही घेतला.”

“मग?”

रेवणनं वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं.

“तुझ्या अंगाला साखर वापरता येत नाही, म्हणून ते चरबी जाळतंय. त्यातून आम्ल साठतंय. रक्तात सोड्यासारखा क्षार असतो, तो आधी पुढे झाला. तो आता संपत आला. मूत्रपिंडं आम्ल बाहेर टाकतायत, पण त्यांचं काम सावकाशीचं. तोवर खिंड लढवतोय तो हा श्वास. आम्लाचा जेवढा भार हवेवाटे काढता येईल तेवढा काढतोय. म्हणून तो थांबत नाही.”

“म्हणजे माझंच शरीर माझ्याविरुद्ध बंड करतंय.”

“बंड करतंय खरं... पण मरणाविरुद्ध. आणि आता ते थकलंय. ऊठ. जीप काढायला सांगतो.”

“नाही येणार!” रेवण ओरडला, तशी त्याला धाप लागली. “चौदा वर्षं... टोचून घेतलं... आता मेलो तरी... हात पुढे करणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही!”

केवळनाथांनी पुन्हा सांगितलं नाही.

ते गुडघ्यांवर आले. पांढरं डोकं त्यांनी खाली झुकवलं आणि रेवणच्या धपापत्या छातीवर टेकवलं. देवापुढे टेकवावं तसं.

रेवण दचकून मागे सरला. “हे काय, बाबा? गुरूनं शिष्यापुढे...”

“तुझ्यापुढे नाही.”

ओसरीवर नुसता तो श्वास ऐकू येत होता. खोल, भराभर.

रेवणनं स्वतःचा हात छातीवर ठेवला. मग भिंतीला धरून तो उठला. केवळनाथांनी त्याला खांदा दिला आणि दोघं जीपकडे गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. पहिली रात्र रेवण ग्लानीतच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीची धावपळ हळूहळू शांत झाली.

तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला. नर्सनं सुई आणली, तेव्हा त्यानं दंड पुढे केला, पण ओठ आवळून. ती गेल्यावर तो केवळनाथांकडे वळला.

“घेतली. पण वाकलो नाही, बाबा. रोज चार सुया, तेही जन्मभर... ही गुलामी आहे, आणि मी तिला गुलामीच म्हणणार.”

“म्हण की,” केवळनाथ म्हणाले. “पण दिवसाला वीस हजार श्वास घेतोस, रेवण... ती कुणाची चाकरी?”