साळुंकीची हरकत

त्या रानात हत्तीचं राज्य होतं आणि हत्तीचं कधी चुकत नसे. चुकलंच, तर ते चुकलं नाही हे पटवून द्यायला एक कोतवाल पक्षी वकील म्हणून नेमलेला होता. अंगाने काळाकुट्ट, शेपटीला दोन टोकं आणि कोणाचाही आवाज हुबेहूब काढण्यात पटाईत. या कामाला आणखी लागतं काय? तो पक्षी म्हणजे मीच. पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या वतीने बोलल्यावर स्वतःच्या वतीने बोलायला जीभ वळत नाही, म्हणून पुढे त्याला कोतवालच म्हणू.

कोतवाल हत्तीच्या पाठीवर बसून न्यायालयात जाई. हत्ती चाले, वाटेतले ससे बाजूला होत आणि कोतवालाला वाटे, काय आपला दरारा! गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, ती हीच.

एका चैत्रात साळुंकीने हत्तीवर दावा लावला. तळ्याकाठच्या जांभळीच्या ढोलीत तिची आई अंडी घाली, आईच्या आधी आजी घाली. एकदा हत्तीच्या पाठीला खाज सुटली. त्याने जांभळीला पाठ घासली आणि दुसऱ्याच दिवशी ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून वर राजाच्या पायाचा ठसा उमटवण्यात आला. झाड राजाच्या पाठीसाठी राखीव झालं. साळुंकीचं मागणं एवढंच होतं, की अंडी घालायच्या आत ढोली मोकळी करून द्या.

वडाखाली कासव न्यायाला बसत असे. त्याने विचारलं, "राजाचं म्हणणं काय?"

कोतवाल म्हणणं आणायला गेला. हत्ती इतका मोठा होता, की त्याच्या कोणत्याही अवयवाला बाकीचा हत्ती ठाऊक नव्हता. शेपटी म्हणाली, "झाडांचं काम पायांकडे." पाय म्हणाले, "खाज पाठीची, पाठीला विचारा." पाठ म्हणाली, "माझं काही नाही बाबा, पण कानांचा अभिप्राय घेतलेला बरा." कान नुसते हलले, त्यांनी ऐकलं, की माशी हाकलली, ते कळेना. शेवटचा शब्द सोंडेचा, आणि सोंड सदा दुसरीकडे वळलेली.

मग कोतवालाने पळसाच्या पानांवर लिहून दिलं, 'मुदत मिळावी.' तीन प्रती लागतात. पळसाला पानं तीनच, हे या कामाला फार सोयीचं पडतं.

"माझी हरकत आहे!" साळुंकी ओरडली.

कासवाने मान आत घेतली, मुदत दिली, आणि कारकून खारीने ती पानं वडाच्या ढोलीत दप्तराच्या गठ्ठ्याला लावली.

संध्याकाळी कोतवालाच्या बायकोने विचारलं, "आज काय केलंत?"

"राज्य वाचवलं."

"अगंबाई! कोणापासून?"

"साळुंकीपासून."

"धन्य आहे तुमची," ती म्हणाली आणि पिल्लांना भरवायला वळली.

पुढच्या तारखेला पाय दौऱ्यावर होते. त्याच्या पुढच्या तारखेला कानांनी पाठीकडे खुलासा मागवला होता. पानं वाढत गेली. हरलो नाही म्हणजे जिंकलोच, असं कोतवाल चारचौघांत सांगे, आणि चारचौघं मान हलवत. हत्तीच्या वकिलासमोर मान न हलवून सांगतात कोणाला?

त्या वर्षी साळुंकीने नाइलाजाने उघड्या बेचक्यात अंडी घातली. कावळ्याने ती खाल्ली. दुसऱ्याच दिवशी तारीख होती. तिने वडाच्या पारंबीशी कोतवालाला गाठलं.

"वकीलसाहेब, देत नाही म्हणा. जा मर म्हणा. पण काहीतरी म्हणा हो!"

कोतवालाला फार वाईट वाटलं. वाईट वाटायला सोंडेची परवानगी लागत नाही, एवढं एक बरं आहे. मग तो आत गेला आणि त्याने नेहमीसारखी हत्तीच्या आवाजात मुदत मागितली. मागताना त्याचा आवाज चिरकला, पण तोवर साळुंकीची हरकत सुरू झाली होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अशी आणखी दोन वर्षं गेली. दोन्ही वर्षी कावळा जेवला.

चौथ्या चैत्रात हत्ती नदीत बसला, तेव्हा त्याच्या गुडघ्याच्या वळीतून एक पान सुटून पाण्यावर आलं. त्यावर सोंडेची सही होती. 'खाज एका दिवसाचीच होती. ढोली देऊन टाका.' खाली तारीख पहिल्या वर्षाची.

कपाळाला हात लावायची सोय पक्ष्याला नाही. कोतवालाने पान चोचीत धरलं आणि तो सुसाट निघाला. न्यायालयात स्वतःच्या पंखांनी जायची त्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे पोचेपर्यंत धाप लागली.

कासवाने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "उत्तम. पण निकाल मूळ गठ्ठ्यावरच लिहावा लागतो. खारूताई, गठ्ठा बाहेर काढा."

खार ढोलीत शिरली आणि तशीच मागे आली. "साहेब, गठ्ठा निघायचा नाही."

कोतवालाने आत डोकावून पाहिलं. त्याची तीन वर्षांची पानं नीट गोल रचलेली होती, मधे सुकं गवत आणि सापाची कात खोचलेली. अगदी वरच्या पानावर त्याच्याच अक्षरात 'मुदत मिळावी' असं लिहिलं होतं, आणि त्या पानावर चार निळी अंडी होती. साळुंकी पंख पसरून मधे उभी राहिली.

"तिकडची ढोली मिळेना, म्हणून ही घेतली," ती म्हणाली. "बोला, आता तुमचं म्हणणं काय?"

"वकीलसाहेब," बाहेरून कासव खेकसलं, "सूचना हातात आहे ना? मग खोळंबा कशाला?"

मी सोंडेचं पान पंखाखाली सरकवलं.

"मुदत मिळावी," मी म्हणालो. आवाज हत्तीचा नव्हता. बराच बारीक होता.

कासवाने मान लांब करून ढोलीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई, हरकत?"

"मुळीच नाही," साळुंकी म्हणाली आणि अंड्यांवर नीट बसली.