दोनदगडीवर मागे वळून का बघतात

हिवरगव्हाणच्या पूर्वेला एक बुटकी टेकडी आहे. तिला दोनदगडी म्हणतात. माथ्यावर हिवराचे जुने झाड आहे आणि त्याच्याखाली हातभर अंतरावर मांडलेले दोन सपाट काळे दगड. त्यातला एक बसून बसून गुळगुळीत झाला आहे. शेजारच्यावर दगडफूल चढले आहे, कारण त्यावर कोणी बसत नाही.

दर रविवारी इथे तीस-चाळीस माणसे उपासनेला जमतात. ही माणसे एकेश्वरवादी. शहरातले लोक त्यांना युनिटेरियन म्हणतात. देव एक आहे, येशू थोर गुरू होता पण माणूस होता, आणि आपल्या बुद्धीला जे खरे वाटत नाही ते तोंडाने म्हणू नये, एवढेच त्यांचे मानणे. माथ्यावर क्रूस नाही, मूर्ती नाही. गाताना एखादी ओळ पटली नाही तर माणूस तेवढ्यापुरता गप्प राहतो आणि शेजारचा त्याच्याकडे बघत नाही.

पण उपासना सुरू होण्याआधी सगळे उठतात, गावाच्या वाटेकडे पाठ करतात आणि टेकडीच्या मागच्या उतारावरच्या बोरी-बाभळींत बघत उभे राहतात. चांगला वेळ बघतात. पाहुण्यांना वाटते, कोणी यायचे राहिले असावे. मग ते विचारतात, आणि त्यांच्यातले म्हातारे शमुवेल तात्या गोष्ट सांगतात. तात्यांना ती गोड करून सांगायची सवय आहे. इथे ती तशी केलेली नाही.

साहेबाचे राज्य होते तेव्हाची गोष्ट. हिवरगव्हाणच्या ख्रिस्ती वस्तीत हारोन भिंगारदिवे नावाचे मास्तर होते. आठवडाभर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. मास्तर शिस्तीचे कडक होते असे सांगतात. प्रार्थनेच्या वेळी कोणी मागे वळून बघितलेले त्यांना खपत नसे. मागे वळली आणि मिठाचा खांब झाली, त्या बायबलमधल्या बाईची गोष्ट ते पोरांना इतक्या वेळा सांगत, की वस्तीतल्या माणसांच्या माना रविवारी लाकडासारख्या ताठ होत.

उपासनेत सगळ्यांनी मिळून मतांगीकार म्हणायचा असे. आमचा पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर विश्वास आहे, अशी ती कबुली. काही महिने मास्तर ती अर्धीच म्हणत होते. पुत्र देव आहे असे म्हणायची वेळ आली की त्यांचे ओठ मिटत. पुढच्या रांगेत बसणाऱ्या ठकूबाईने ते हेरले. एका रविवारी सगळ्यांदेखत तिने विचारले, "मास्तर, समदे म्हंत्यात तवा तुमचंच तोंड का मिटतं? दात दुखतो का काय?"

लोक हसले. मास्तरांनी हो म्हटले असते तर भागले असते. ठकूबाईने लवंगेचे तेल आणून दिले असते आणि ही टेकडी आजही बिननावाची राहिली असती.

मास्तर म्हणाले, "दात नाही दुखत, ठकूबाई. ते मला खरं वाटत नाही. देव एकच आहे. येशू माझा गुरू आहे, पण तो माणूस होता. तुमच्या-माझ्यासारखा."

मिशनच्या साहेबाने महिन्याची मुदत दिली. वस्तीतले जाणते रोज संध्याकाळी येऊन समजूत घालू लागले. जाणत्यांचा सल्ला तेव्हाही तोच होता. "तोंडानं म्हणून टाका, मास्तर. मनातलं कोण बघाया येतंय?" मास्तर म्हणे एवढेच म्हणाले, "खोटं बोललं की मी पोरांना छडी मारतो. मला कोण मारणार?"

नोकरी गेली, मिशनचे घर गेले. वस्तीने दार लावले. गावाने तर ते मास्तरांच्या आज्यापणज्यापासूनच लावलेले होते. मास्तरांची बायको सलोमी आणि दहा वर्षांची मुलगी रूथ. रूथ तालुक्याला मिशनच्या वसतिगृहात शिकत होती. बायको मास्तरांबरोबर गेली तर मुलीला शाळेतून काढले जाईल, असा मिशनचा निरोप आला. मास्तरांनीच सलोमीला सांगितले, "तू इथंच राहा. पोरगी शिकू दे." सलोमी राहिली. मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करू लागली.

मास्तर टेकडीच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या खोपीत राहायला गेले. घायपाताचे दोर वळून बाजारात विकत. असे मानणारे आणखी कोणी आहे का, असे विचारणारे पत्र त्यांनी कलकत्त्याच्या एका धर्मपुस्तकांच्या दुकानाला लिहिले, आणि चार महिन्यांनी एक पातळ पुस्तिका आली. तिच्यात लिहिले होते, की युरोपातल्या एका डोंगराळ मुलखात तीनशे वर्षांपूर्वी हेच मानणारी माणसे होती, आणि त्यांचा एक उपदेशक हे मत सोडेना म्हणून किल्ल्यावरच्या तुरुंगात मेला. आपण वेडे नाही, हे मास्तरांना त्या दिवशी कळले. आणि आपल्यासारखे जे कोणी आहे ते समुद्रापलीकडे आहे, हेही कळले. आनंदाने सांगावे तर शेजारी भट्टीची राख होती.

मग त्यांनी टेकडीवर दोन दगड मांडले आणि पण केला. दोघे-तिघे जमतात तिथे उपासना होते, असे ते आयुष्यभर शिकवत आले होते. देव एक असला तरी उपासनेला दोन माणसे लागतात. दुसरे माणूस आपल्या पायांनी चढून येत नाही तोवर मी तोंडातून प्रार्थना काढणार नाही, असे ते म्हणाले. कोणाला म्हणाले, हे कोणी सांगत नाही. ऐकायला तिथे कोण होते?

दर रविवारी वस्तीतली घंटा झाली की मास्तर लोटाभर पाणी घेऊन चढत. दुसरा दगड धूत. खांद्यावरच्या पंच्याने पुसत. मग पहिल्या दगडावर बसून गावाच्या वाटेकडे बघत. हिवराची सावली दुसऱ्या दगडावरून सरकून गेली, की कोणी येणार नाही असे समजून उतरत. सारा वेळ ते ताठ मानेने समोर बघत. अशी नऊ वर्षे गेली.

इथे तात्या सांगतात, की नऊ वर्षांत दुसऱ्या दगडावर एकही कावळा बसला नाही, आणि वारा पडला की मास्तरांना पाठीमागून कोणाचा तरी श्वास ऐकू येई. तो देवदूत होता म्हणे.

देवदूत नव्हता. ती सलोमी होती.

वस्तीतली उपासना सुटली की ती सरपणाला म्हणून निघे, ओढ्याकडून वळसा घाली आणि मागच्या उतारावर बोरीच्या जाळीत बसे. तिथून नवऱ्याची पाठ दिसे. रविवारी काम करते म्हणून बायका टोमणे मारत. "सलोमे, आठवड्याचे सहा दिस पुरंना झालेत व्हय? चूल काय सोनं खाती का तुजी?" ती ऐकून घेई. मोळी बांधायला जो दोर नेई तो मास्तरांनीच वळलेला असे, दुसऱ्या बाईकरवी बाजारातून आणवलेला. ती चढून गेली असती तर गावच्या वाटेवरून दिसली असती, आणि मुलीचे शिक्षण गेले असते. म्हणून ती बसून राहिली. हाक मारली नाही. मास्तरांनी एकदा मान वळवली असती तर पुरले असते. ज्या माणसाने साहेबाचा मतांगीकार सोडला, त्याला स्वतःचा, मागे न बघण्याचा क्षुल्लक नियम सोडता आला नाही.

नवव्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, रूथला शाळेत नोकरी लागल्याचे पत्र आले. त्या रविवारी सलोमी दोर न घेता, मोकळ्या हाताने निघाली. उतारावरून वर बघते तर दगडांवर कोणी नाही. ती चढली. दुसरा दगड कोरडा होता, धुळीने भरलेला. ती तशीच पलीकडे उतरून खोपीत गेली. मास्तर तापाने पडून होते.

"मास्तर, मी आले."

मास्तरांनी ओळखले. "सलोमी, तू? टेकडी चढून आलीस?"

"दर रविवारी येते. मागल्या अंगाला बसते."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

मास्तर कोपरावर टेकून उठले. मग म्हणाले, "हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही वळून का नाही बघितलंत?"

यावर मास्तर हसले, असे तात्या सांगतात. हसण्यासारखे त्यात काय होते? मास्तरांनी भिंतीकडे तोंड केले, असे सलोमी सांगे, आणि ती तिथे होती. नंतर ते म्हणाले, "येत्या रविवारी दोघं वर जाऊ. तेव्हा म्हणू."

शुक्रवारी ते गेले. दफनभूमीत जागा मिळाली नाही. शेजारच्या शेतावरच्या दोघा मजुरांनी पायथ्याशी खड्डा खणून दिला.

रविवारी सलोमी एकटीच चढली. लोटाभर पाण्याने तिने दुसरा दगड धुतला आणि त्यावर बसली. शेजारचा दगड मोकळा होता. समोर गावाची वाट, वाटेवर कोणी नाही. प्रार्थना तिला पाठ होती, पण 'दोघं वर जाऊ, तेव्हा म्हणू' हे आठवले आणि तोंड उघडेना. नऊ वर्षे मास्तर काय बघत होते, ते तिला त्या दिवशी दिसले.

सावली दगडावरून निम्मी सरकली तेव्हा सलोमीने मान वळवली. मागच्या उतारावर, ती स्वतः बसायची त्याच्याही खाली, बाभळीच्या बुंध्याला टेकून ठकूबाई बसली होती. काठी मांडीवर आडवी.

"बघतीस काय?" ठकूबाई ओरडली. "मला चढवंना. हात दे."

सलोमी धावत उतरली. "तुम्ही कधीपासून बसताय इथं?"

"झाली दोन वर्सं. तुजी पाठ बघत बसत व्हते." धाप टाकत ती म्हणाली, "दात दुखतो का, म्हनून मीच इचारलं व्हतं न्हवं त्याला."

दोघी वर आल्या. ठकूबाई मास्तरांच्या दगडावर बसली नाही, खाली मातीत बसली. दोनदगडीवरची पहिली उपासना त्या दिवशी झाली. ठकूबाईला त्यातले निम्मे पटत नव्हते. तिथे ती गप्प राहिली, आणि सलोमीने तिच्याकडे बघितले नाही.

आजही तो पहिला, मास्तरांचा दगड मोकळा असतो. आजही दुसरा दगड आधी धुतात, पुसतात, आणि मग सगळे उठून मागे वळतात. उतारावर बहुधा कोणी नसते. वारा असतो, बोरीच्या जाळीत एखादी शेळी असते. तरी शेवटच्या माणसाचे बघून होईपर्यंत कोणी पहिला शब्द उच्चारत नाही.