हिरवी खूण आणि कोरी जागा

एकदा एका पोथीसंग्रहातली हार्डडिस्क कुरकुरू लागली. कृष्णाकाठच्या त्या संग्रहाचे वृद्ध संग्रहपाल, ज्यांना सारे गुरुजी म्हणत, त्यांनी एकवीस वर्षे गावोगाव हिंडून घरोघरच्या पोथ्यांची छायाचित्रे घेतली होती. ती सगळी त्या एकाच डिस्कवर होती. काही मूळ पोथ्या तर मागच्या पुरात घरांसकट गेल्या होत्या, आणि जगात त्यांचे जे काही उरले होते ते या आजारी डिस्कमध्येच.

नव्या डिस्कवर प्रत उतरवण्याचे काम गुरुजींनी यामिनी या आपल्या शिष्येवर सोपवले. ती संगणकशास्त्र शिकून मग पोथ्यांच्या नादी लागलेली. दोन्ही विद्यांचा तिला थोडा गर्व होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. तिने बाजारातली सॉफ्टवेअर पारखायला घेतली. डिस्कचे विभाग कोण नीट पाडते, हुबेहूब प्रत कोण काढते, रोजचा बॅकअप आपोआप कोण घेते, असा भला मोठा तक्ता केला. एक विक्रेता तर फोनवर इतके गोड बोलला की, हा सॉफ्टवेअर विकतोय की स्थळ घेऊन आलाय, असा प्रश्न पडावा.

शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली. दोन्ही तिने त्याच कुरकुरणाऱ्या डिस्कवर चालवून पाहिली. पहिल्याने तीन तासांत काम उरकले आणि पडद्यावर हिरवी खूण उमटवली: शंभर टक्के यशस्वी. दुसरे दिसायलाही ओबडधोबड. ते दीड दिवस रेंगाळले, सदतीस ठिकाणी अडले आणि शेवटी न वाचता आलेल्या जागांची लांबलचक यादी पुढे टाकून थांबले.

यामिनी उत्साहाने गुरुजींकडे आली.

"गुरुजी, प्रत तयार आहे. एकही चूक नाही! आता जुनी डिस्क पुसून तिचे नवे विभाग पाडते, बॅकअपला उपयोगी पडेल."

"आणि ते दुसरं सॉफ्टवेअर काय म्हणालं?"

"ते? नुसतं रडगाणं. हे वाचता आलं नाही, ते वाचता आलं नाही."

"ते रडगाणं कागदावर काढून आण बघू."

गुरुजींनी ती यादी उभ्या उभ्या वाचली. मग कपाटातले एक लाल बासन घेतले, पोथी बांधावी तसे ते कागद त्यात बांधले आणि पोथ्यांच्या शेजारी ठेवून दिले.

"जुन्या डिस्कला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आणि आपण हे रडणारं सॉफ्टवेअर घ्यायचं."

यामिनीला ते फार लागले. बिनचूक कामाला नकार आणि चुकांच्या यादीला लाल बासन! तीन आठवडे ती त्या तक्त्यात डोके घालून बसली होती.

"गुरुजी, माझं चुकलं काय, तेवढं तरी सांगा."

गुरुजींनी दोन हस्तलिखिते तिच्यापुढे उघडली.

"एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या या दोन प्रती. मूळ पोथी कसरीने खाल्लेली होती. हा पहिला लेखनिक बघ. अक्षर कसं सुरेख, एक ओळ तुटत नाही. जिथे भोक होतं तिथे त्याने इकडचे तिकडचे शब्द ओढून जोडले. आता ग्रंथकार कुठे बोलतो आणि हा कुठे, ते कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! पण जेवढी अक्षरं गेली तेवढी जागा त्याने कोरी सोडली आणि समासात लिहिलं, 'त्रुटित'. मी आयुष्यभर विसंबलो तो याच्यावर. अगं, जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. पण हरताळ चुकीला फासावा, उणिवेला नव्हे. डिस्क कुरकुरते हे आपण दोघांनी कानांनी ऐकलं. मग सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या त्या प्रतीने कशाला हरताळ फासला?"

यामिनी उठून संगणकाशी गेली. यादीतल्या पहिल्याच छायाचित्राचे नाव तिने हिरव्या खुणेच्या प्रतीत शोधले. पान उघडले. वरच्या सात ओळी स्वच्छ होत्या आणि खाली नुसता करडा पट्टा. आज दुपारी आपण जुनी डिस्क पुसणार होतो, हे तिला आठवले. काय गेले हे तर कळले नसतेच, पण काही गेले आहे हेही कधी कळले नसते.

यादीतल्या सदतीस जागा मिळून नऊ पाने निघाली. सातांच्या मूळ पोथ्या पुढे संग्रहातच आल्या होत्या; त्यांची तिने पुन्हा छायाचित्रे घेतली. उरलेली दोन पुरात गेलेल्या पोथीची होती. जुनी डिस्क एका जाणकाराकडे पाठवली. नेमकी जागा ठाऊक असल्यामुळे तो तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, आणि एक पान परत आले. दुसरे आले नाही.

यामिनीने नवी प्रत पुरी केली, तिच्यावरून आणखी एक काढून दुसऱ्या गावी ठेवायला दिली. त्या न आलेल्या पानाच्या जागी तिने एक कोरे पान घातले. समासात लिहिले, 'त्रुटित'. आणि कोणी न सांगता खाली तारीख घालून आपले पूर्ण नाव लिहिले: यामिनी देवस्थळे. हिरवी खूण पाहून वाटला नव्हता इतका अभिमान तिला त्या कोऱ्या पानाखाली नाव लिहिताना वाटला.

गुरुजींनी ते पान पडद्यावर बराच वेळ पाहिले. त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी ते लपवलेही नाही. उठून ते कपाटाशी गेले, कोंबडीच्या पायांची ती पोथी जराशी सरकवली आणि शेजारी यामिनीच्या डिस्कला जागा करून दिली.