हैबतराव पूल अडवतात

हैबतराव सरदारांनी पूल अडवला होता, आणि आवडीची थोरली बहीण पलीकडच्या गावात बाळंतपणाला अडली होती. सुईण अलीकडे, बाळंतीण पलीकडे, मध्ये दुथडी भरलेली नदी आणि पुलाच्या तोंडाशी भाला रोवून उभे हैबतराव!

"सरकार, त्यांना बाजूला व्हायला सांगा," आवडी भर दरबारात म्हणाली. ती तेल्याची मुलगी. गडावर पहिल्यांदाच आली होती, पण आवाज कापत नव्हता.

"अशक्य!" मेघगडचे राजे भानजीराव म्हणाले. "शपथ आहे त्यांची!"

याला कारण तोफखान्यातला फिरंगी गोलंदाज. तो राजांना आपल्या मुलखातल्या वीरांच्या गोष्टी सांगायचा. ते वीर दिलेल्या वचनासाठी प्राण देत, संकटातल्या बाईसाठी धावून जात आणि एखाद्या सुंदरीचं नाव घेऊन वर्षभर पूल अडवून बसत. राजांना हे इतकं आवडलं, की त्यांनी आपल्या सरदारांनाही तोच धर्म लावून दिला. बाकीच्या सरदारांनी माना डोलावल्या आणि ते जेवायला घरी गेले. हैबतराव मात्र सगळं मनापासून करणारे. त्यांनी तिथेच तलवार उपसून गर्जना केली, "राजांच्या भाची कमळजादेवी यांच्या नावानं मी नदीचा पूल अडवीन! मला हरवल्याशिवाय कुणी पलीकडे जाणार नाही. ज्या दिवशी हरेन, त्याच दिवशी पूल सोडीन!"

कमळजादेवींना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हैबतराव म्हणजे त्यातले कोणते?"

तेव्हापासून पूल बंद होता. वाण्यांचे बैल परत गेले, मेंढरं परत गेली, एक वरात तर वाजतगाजत येऊन न वाजवता परत गेली.

"मग मी लढते त्यांच्याशी," आवडी म्हणाली.

"शिलेदार बाईवर हात उचलत नाही!"

"म्हणजे लढल्याशिवाय जायचं नाही आणि लढायचंही नाही?"

"बरोबर समजलीस," राजे खूश होऊन म्हणाले. "आणि त्यांना फसवून पळायचं नाही. शपथ मोडता कामा नये. हैबतरावांनी हरूनच पूल सोडला पाहिजे. एवढी धिटाई आहे तर करून दाखव! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर ही तक्रार पुन्हा इथे आणायची नाही."

आवडीनं क्षणभर विचार केला.

"सरकार, अडचणीतल्या बाईनं मदत मागितली, तर शिलेदाराला नाही म्हणता येतं?"

"मान कापली तरी नाही!"

"मग चला नदीवर. पण लवकर चला. माझी बहीण तिकडे विव्हळतेय."

राजांनी पालखी मागवली आणि फिरंग्यालाही बरोबर घेतलं.

पुलावर हैबतराव ताठ उभे होते. चिलखत गंजलं होतं, सर्दीनं नाक लाल झालं होतं. आवडी साळूबाई सुईणीला हाताला धरून पुढे झाली, तसे त्यांनी अदबीनं वाकून म्हटलं, "परत जा बाई. मला फार वाईट वाटतं." त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"सरदार, मी संकटात आहे!" आवडी ओरडली. "माझं रक्षण करा!"

हैबतरावांचा चेहरा उजळला. इतके दिवस त्या पुलावर सगळे त्यांना शिव्याच देऊन गेले होते. मदत कुणीच मागितली नव्हती.

"वचन दिलं!" ते म्हणाले. "बोल, कोण छळतो तुला?"

"माझी बहीण अडली आहे, सुईणीला घेऊन निघाले, तर एक धिप्पाड, हत्यारबंद माणूस वाटेत उभा राहतो. पलीकडे जाऊच देत नाही."

"बाळंतिणीची सुईण अडवतो? नीच! कुठे आहे तो?"

"या पुलावर."

हैबतरावांनी मागे पाहिलं. पुढे पाहिलं. कठड्यावरून वाकून खालीही पाहिलं.

"इथे तर मीच आहे," ते म्हणाले.

"हो."

हैबतरावांनी स्वतःला पायांपासून छातीपर्यंत नीट न्याहाळलं.

"मग मला त्याच्याशी लढावं लागेल," हैबतराव हळूच म्हणाले. "आणि तो फार शूर आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आले! त्याला हरवील असं दुसरं आहेच कोण?"

हे हैबतरावांना पटलं. त्यांनी भाला खाली ठेवला आणि उजव्या हातानं स्वतःची मानगूट धरली. डाव्या हातानं ती सोडवली. झटापट अटीतटीची झाली. कोण जिंकेल ते राजांनाही सांगता येईना.

"आटपा हो!" साळूबाई ओरडली.

तेवढ्यात हैबतरावांनी स्वतःच्याच पायात पाय घातला आणि ते धाडकन पुलावर आदळले.

"शरण येतोस?" त्यांनी दरडावून विचारलं.

"येतो," त्यांनीच खाली मान घालून सांगितलं, आणि उठून ते पुलावरून बाजूला झाले. साळूबाई पदर खोचून पलीकडे धावली.

"थांबा!" राजे पालखीतून उतरले. "हैबतराव तर जिंकले! जिंकलेल्या वीरानं पूल का सोडायचा?"

"सरकार, ते हरलेसुद्धा!" आवडी म्हणाली. "हरले म्हणून शपथेप्रमाणे पूल सोडला. आणि त्यांना हरवणारे हैबतरावच, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बापाला त्यांना हरवता आलं नाही. आता यात शपथ कुठे मोडली, तेवढं दाखवा!"

राजांनी फिरंग्याकडे पाहिलं. फिरंग्यानं खांदे उडवले. मग राजे असे हसत सुटले, की भोयांना त्यांना धरून पालखीत बसवावं लागलं.

"माग, काय हवं ते!" ते डोळे पुसत म्हणाले.

"बाळंतिणीला एक दुभती म्हैस द्या. आणि यापुढे कुणा सरदाराला शपथ सुचली, तर त्यांना गडावरचंच एखादं दार अडवायला सांगा!"

दोन्ही मागण्या तिथल्या तिथे मंजूर झाल्या. दिवस मावळायच्या आत आवडीच्या बहिणीला मुलगी झाली, आणि म्हशीचा दोर धरून पुलावरून पलीकडे गेले ते स्वतः हैबतराव. वाटेत त्यांना कुणीही अडवलं नाही.