पाणवठ्यावरची शांतता

फार पूर्वी कनकावती नगरीवर धर्मकेतू राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व पश्चिमेकडच्या डोंगरात चितळाच्या जन्माला आले होते आणि एका मोठ्या कळपाचे नायक होते. त्यांच्या शिंगांची ऐट काय सांगावी! पण कळप त्यांच्यामागे चाले तो शिंगांमुळे नव्हे. सगळ्यांचं पिऊन झाल्याशिवाय ते स्वतः पाण्याला तोंड लावत नसत, म्हणून.

त्याच नगरीत अरिंजय नावाचा सेनापती होता. उभा जन्म लढायांत गेला, आणि उतारवयात त्याला घरात करमेना. दार वाजलं तरी हात तलवारीकडे जाई. लोकांची ये-जा, गाऱ्हाणी, मानपान, सगळ्याचा त्याला वीट आला होता. म्हणून पावसाळा सरला की तो गळ घेऊन नदीवर जाई आणि उन्हाळ्यात धनुष्य घेऊन डोंगरातल्या पाणवठ्यावर. बरोबर नोकर नाही, चाकर नाही. पहाटे दगडांच्या आडोशाला बसला की दिवेलागणीलाच उठे. खोटं कशाला सांगू, हा माणूस मला आवडतो. पानावरून मुंगी चालली तरी ती पाहत बसायचा धीर त्याच्याजवळ होता. तिथं बसलं की त्याचा श्वास संथ होई, लढाईतले चेहरे डोळ्यांपुढून हटत, आणि आपण या झाडाझुडपांतलेच एक आहोत असं त्याला वाटे. लोक ज्याच्यासाठी घरदार सोडून तप करतात, ते त्याला शिकारीच्या निमित्तानं थोडंथोडं मिळत होतं.

त्याचे शिकारीचे नियमही पक्के होते, बापजाद्यांपासून चालत आलेले. पाण्याला तोंड लावलेल्या जनावरावर बाण सोडायचा नाही. आणि एका बैठकीला एकच बाण. तो लागो की चुको, सुटला की उठून घरी यायचं.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. झरे आटले, ओढे आटले, सगळ्या डोंगरात तेवढा एक पाणवठा उरला. अरिंजय रोज तिथंच. एकही जनावर दिसेना, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. उलट घरी येऊन तो पत्नीला, सुलसेला, सांगे, "इतकी शांतता मी जन्मात अनुभवली नाही. पाखरूसुद्धा बोलत नाही."

"बरं झालं," सुलसा म्हणे. "तुमचा चेहराही निवळलाय."

इकडे वर कड्यावर कळप तहानेनं तळमळत होता. रात्री पाण्यावर वाघीण असे आणि दिवसा सेनापती. एका हरणीचं दूध आटलं आणि तिचं कोवळं पाडस धड उभं राहीना. ती बोधिसत्त्वांना म्हणाली, "नायका, आज पाणी मिळालं नाही तर हे काही जगत नाही."

बोधिसत्त्वांनी पाडसाकडे पाहिलं. ते म्हणाले, "तो माणूस एका बैठकीला एकच बाण सोडतो, हे मी दर उन्हाळ्यात पाहिलंय. तो बाण मी घेतो. तो उठून गेला की तू सगळ्यांना खाली ने."

हरणी रडू लागली. बोधिसत्त्व थांबले नाहीत.

भर दुपारी ते पाण्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. तहान त्यांनाही होतीच. मान खाली घालून तोंड लावलं असतं तर नियमाप्रमाणे जीवही वाचला असता. पण त्यांनी तोंड लावलं नाही. छाती आडोशाकडे केली आणि मान ताठ ठेवली. धन्य त्या जिवाची.

अरिंजयनं दोरी कानापर्यंत ओढली. चितळ हलेना. तो बाण न सोडता बघत राहिला.

"पाणी पीत का नाहीस?" त्यानं विचारलं.

"प्यालो तर तुम्ही बाण सोडणार नाही, आणि बाण सोडल्याशिवाय तुम्ही उठणार नाही. वर एक पाडस मरायला टेकलंय, सेनापती. जरा लवकर करा."

अरिंजय गोंधळला. "पण यंदा मी तुमच्यातल्या कोणाला मारलेलं नाही. मी इथं बसतो तो शांतता लाभते म्हणून."

"ती शांतता नव्हे," बोधिसत्त्व म्हणाले. "आम्ही सगळे भिऊन गप्प बसलोय."

अरिंजयला ही शांतता ओळखीची होती. त्याची सेना एखाद्या गावात शिरली की असंच व्हायचं. कुत्रं भुंकायचं नाही, मूल रडायचं नाही. ज्याच्यापासून पळून तो डोंगरात आला होता, तेच त्यानं डोंगरात आणलं होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्यानं धनुष्याची दोरी उतरवली.

"मी जातो," तो म्हणाला. "पुन्हा येणार नाही."

"जाऊ नका. तुम्हाला इथं जे मिळतं ते खरं आहे. तुम्ही कसे बसता ते मी वरून रोज पाहतो. फक्त धनुष्य आणू नका, आणि लपू नका. त्या उघड्या खडकावर, आम्हाला दिसाल असे बसा."

"आणि घरी काय सांगू? नुसता बसायला जातो म्हटलं तर लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला."

"म्हणतील थोडे दिवस," बोधिसत्त्व म्हणाले.

अरिंजय उघड्यावर जाऊन बसला. बोधिसत्त्वांनी साद घातली तसा कळप बिचकत बिचकत उतरला आणि मग काय विचारता, एकच गलका झाला. खुरांनी चिखल उडाला, वानरं भांडू लागली, पाखरांनी कान किटवले. हरणीनं पाडसाला ढकलत पाण्याशी आणलं. ते प्यालं, धडपडलं, पुन्हा उठून प्यालं. त्या सगळ्या गोंगाटात अरिंजयचं मन असं निवांत झालं की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

संध्याकाळी तो सुलसेला म्हणाला, "मी यापुढं शिकारीला जाणार नाही. नुसता बसायला जाईन."

"जा की," सुलसा म्हणाली. "शिकार तरी कुठं आणत होतात?"

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती उत्तिय नावाच्या भिक्षूला. तो विहाराच्या विहिरीपाशी ध्यानाला बसे आणि ध्यान मोडतं म्हणून पाण्याला आलेल्या बायकांवर वसकन ओरडे. बायका भर उन्हात लांबच्या ओढ्यावर जाऊ लागल्या, आणि हा इतरांना सांगे की हल्ली ध्यान फार छान लागतं. कथा संपवून शास्ते म्हणाले, "उत्तिया, तेव्हाचा सेनापती तू होतास. तेव्हाची हरणी म्हणजे काल रिकामी घागर घेऊन परत गेलेली ती लेकुरवाळी. आणि कळपाचा नायक मीच होतो."

उत्तिय उठला, ओढ्याच्या वाटेवर गेला आणि बायकांना परत बोलावून आला. आपल्यावर बाण रोखणाऱ्याचंही भलं चिंतणं, हीच बोधिसत्त्वांची मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला गेलेली मैत्री.