पारख्यानं हलवलेली मान

फार पूर्वी, आठ गावांना मिळून एकच बाजार होता, त्या काळातली ही गोष्ट. त्या बाजाराच्या गावात हैबती नावाचा एक पारखी राहत होता.

पारखी म्हणजे सोन्या-हिऱ्यांचा नव्हे, मटणाचा. तरुणपणी तो जत्रांच्या जेवणावळीत आचारी होता. पुढे वय झालं, मोठी पातेली उचलेनाशी झाली, पण नजर मात्र होती तशीच राहिली. दर रविवारी तो खाटकांच्या ओळीतून फेरी मारायला निघाला की दहा-बारा माणसं त्याच्या मागून चालायची.

"हैबतीकाका, ही मांडी या भावाला परवडेल का?"

हैबती वाकायचा. रंग बघायचा, चरबी बघायचा, मग बोटानं दाबायचा. दाबलेली जागा लगेच वर आली की मटण ताजं. धागा बारीक आणि चरबी पांढरी असली की जनावर कोवळं. चरबी पिवळी पडलेली असली की म्हातारं, मग कितीही शिजवा. एवढं पाहून तो मान डोलवायचा, आणि माणसं पैसे काढायची. कुण्या खाटकाकडून त्यानं कधी फुकटची एक नळीसुद्धा घेतली नव्हती. म्हणून खाटीक त्याला वचकून असत, आणि मनातून मानतही असत.

एका रविवारी ओळीच्या अगदी टोकाला एक नवी बाई येऊन बसली. बयजा तिचं नाव. डोंगरावरच्या वस्तीतली. बापामागं त्याचा धंदा तिनंच पुढे चालवला होता. एकच बोकड कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून, तीन कोस चालत ती आली होती. भाव मात्र तिनं इतरांपेक्षा शेराला दोन आणे जास्त सांगितला.

"दोन आणे जास्त? कशाचे गं बाई?" लोक म्हणाले. "थांबा, हैबतीकाकांनाच बोलवू."

हैबती आला. त्या दिवशी त्याच्या मागं नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, आणि गर्दी असली की त्याची जीभ जरा सैल सुटायची. त्यानं चार पावलांवरूनच पाहिलं. मटणाचा रंग गडद होता, जवळजवळ करवंदासारखा.

"अरे, ही तर म्हातारी शेळी!" तो म्हणाला. "हे शिजवायला दोन मोळ्या पुरायच्या नाहीत, अख्खं रान तोडावं लागेल!"

सगळे खो खो हसले. शेजारचे खाटीकही हसले.

बयजा हसली नाही, चिडलीही नाही. ती म्हणाली, "काका, दोन दातांचा, कोवळा बोकड आहे. वर्षभर डोंगरावर चरलाय, म्हणून रंग असा. तुम्ही बोट तर लावून बघा."

हैबती वाकला. बोट लावलं. दाबलेली जागा लगेच वर आली. धागा रेशमासारखा बारीक. चरबी पांढरीशुभ्र. वासही स्वच्छ. इतकं चांगलं मटण त्या ओळीत गेल्या कित्येक वर्षांत आलं नव्हतं. दोन काय, चार आणे जास्त मागितले असते तरी ते महाग म्हणता आलं नसतं.

हे हैबतीला एका क्षणात कळलं. पण मागं लोक अजून हसत होते. आता 'चुकलो' म्हणावं, तर तेच हसू त्याच्यावर उलटलं असतं.

त्यानं उपरण्याला बोट पुसलं आणि नकारार्थी मान हलवली. 

लोक पांगले. बयजाच्या मटणावर दुपारपर्यंत माशा घोंगावत राहिल्या.

संध्याकाळी हैबती जेवायला बसला. बायकोनं पानात रस्सा वाढला. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचा हात थांबला. मटण जिभेवर लोण्यासारखं विरघळलं होतं.

"कुठून आणलंस?" त्यानं विचारलं.

"टोकाला एक डोंगरावरची बाई बसली होती ना, तिच्याकडून. बाजार उठताना बिचारी मिळेल त्या भावानं देत होती. लोक म्हणत होते, पारख्यानं नाकारलंय. मी म्हटलं, ऐकण्यात काहीतरी घोळ झाला असेल. आमच्या घरातली नजर अशी चुकायची नाही." एवढं बोलून ती थांबली. नवऱ्याची मान खाली गेलेली तिनं पाहिली. "अहो, तुम्ही हात लावून बघितलं होतं?"

"बघितलं होतं."

"मग कळलं नाही?"

"कळलं होतं."

 बायको भाकरीची दुरडी उचलत म्हणाली, "चुकला असतात तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ही चूक नाही हो."

 पानात अन्न टाकून हैबती आयुष्यात पहिल्यांदा उठला.

आठवडाभर त्यानं मनाशी ठरवलं, रविवारी जायचं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. रविवार उजाडला. बयजा आली होती. या खेपेला तिनं भाव इतरांएवढाच ठेवला होता, तरी तिच्यापुढं कुणी नव्हतं. येणारी-जाणारी टवाळ माणसं "काय बाई, रान तोडून आणलं का?" असं विचारून पुढं जात होती. हैबतीचा विनोद आठ गावांत पोहोचला होता.

त्याला पाहताच बयजा उठून उभी राहिली. हैबतीला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार. सुनावले असते तर बरं झालं असतं.

पण ती हात जोडून म्हणाली, "काका, माझं काय चुकलं तेवढं सांगा. बोकड निवडताना चुकते, का कापताना? बापानं जसं शिकवलं तसंच मी करते. मला तर मटण चांगलंच वाटत होतं. पण तुम्ही एवढे जाणते, तुम्ही नाही म्हणालात म्हणजे माझाच हात खोटा असणार."

 आपण हिचं एक दिवसाचं गिऱ्हाईक तोडलं, एवढंच हैबती समजत होता. हिचा तर स्वतःच्या हातावरचा विश्वासच आपण काढून घेतला होता.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात ओळीतून कुणीतरी हाक मारली, "काका, जरा इकडं या, हे बघा!"

"येतो, येतो," हैबती म्हणाला. बयजाकडं न पाहता तो पुटपुटला, "बघू, सांगतो कधीतरी." आणि निघून गेला. पाठीवर तिची नजर आहे असं त्याला ओळ संपेपर्यंत वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी टोकाची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही.

तेव्हा मात्र हैबतीनं काठी घेतली आणि तीन कोसांचा डोंगर चढला. बयजा नाचणीच्या शेतात दुसऱ्याकडं मजुरीनं खुरपत होती. मटण तोडायचा बापाचा ओंडका तिनं विकून टाकला होता.

बांधावर उभं राहून हैबतीनं सगळं सांगितलं. बोट लावलं तेव्हा काय कळलं, मान का हलवली, दुसऱ्या रविवारी पळ का काढला. काही लपवलं नाही. बोलताना मात्र तिच्या डोळ्यांत बघणं त्याला जमलं नाही.

बयजानं सगळं ऐकून घेतलं. हातातलं खुरपं मातीत टोचून ती म्हणाली, "म्हणजे बापानं बरोबरच शिकवलं होतं."

"बरोबरच शिकवलं होतं, पोरी."

"मग हे मला इथं येऊन कशाला सांगता? जे हसले ते इथं कुठं आहेत?"

ती पुन्हा खाली वाकून खुरपू लागली. हैबती तसाच माघारी फिरला.

रविवारी भर बाजारात, खाटकांच्या ओळीच्या मधोमध तो उभा राहिला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डोंगरावरच्या बयजाचं मटण या ओळीत सगळ्यात चांगलं होतं. मला ते माहीत होतं. माझं हसू होऊ नये म्हणून मी तिचं होऊ दिलं."

 मग कुणीतरी हसलं, आणि ते हसू ओळभर पसरलं. एक खाटीक म्हणाला, "काका, मागल्या वर्षी माझ्या मांडीला नाक मुरडलं होतंत, तेही असंच का?" हैबतीनं शपथेवर सांगितलं, नाही. पण आता त्याच्या शपथेला काय अर्थ होता? त्या दिवशी त्याच्या मागून कुणी चाललं नाही. त्यानंतर कधीच नाही.

पावसाळा सरल्यावर बयजा नवा ओंडका घेऊन परत आली. भाव तोच, दोन आणे जास्त. एकानं घेतलं, त्याचं ऐकून दुसऱ्यानं घेतलं. महिनाभरात तिच्यापुढं रांग लागू लागली.

एकदा हैबतीही त्या रांगेत उभा राहिला. आपली पाळी आल्यावर त्यानं अर्धा शेर मागितलं. बयजानं सगळ्यांना देत होती तसंच चोख तोलून दिलं.  मग त्याच्या खांद्यावरून मागं पाहत ती म्हणाली, "हं, पुढं कोण आहे?"

हैबतीनं पिशवी उचलली आणि मान खाली घालून तो बाजूला झाला.

तात्पर्य: चुकीचा शब्द तिथल्या तिथं मागं घेतला, तर लोक घटकाभर हसतात. लाजेपोटी तो तसाच राहू दिला, तर त्याची किंमत आधी निरपराध माणूस मोजतो, आणि मग आपण जन्मभर.