एका गिअरचा घाट

“वस्ताद, यंदा घाटाच्या शर्यतीत मला उतरवणार ना?”

धैर्यशीलने विचारलं आणि सायकलच्या दुकानात बसलेल्या बाबालाल वस्तादांसमोर आपली सायकल उभी केली.

वाईत सायकलच्या शर्यतीचा विषय निघाला की वस्तादांचं नाव निघतंच. ते ज्याला शर्यतीत उतरवतील तो त्यांचा शिष्य, बाकीचे नुसते हवा भरून घेणारे. धैर्यशील अजून हवा भरून घेणाऱ्यांतच होता, आणि ते त्याला फार लागत होतं.

वस्तादांनी सायकल निरखली. शाळेत असताना मामाने घेऊन दिलेली ती जाड टायरांची, एकवीस गिअरची डोंगरी सायकल. पण आज ओळखू येईना.

“गिअर कुठं गेलं रं?”

“काढले सगळे! वायरी काढल्या, खटके काढले. मागे एकच चक्र ठेवलं. ते जागचं हलू नये म्हणून नळाच्या पाइपाचे तुकडे कापून दोन्ही बाजूंना बसवले. चेन तोडून आखूड केली. सगळं माझ्या हातांनी, वस्ताद.”

गिअर गेले होते, ऐट आली होती. आणि का येऊ नये? काम खरंच देखणं झालं होतं.

वस्तादांनी मागचं चाक उचलून धरलं, पायडल फिरवलं, कान लावला...

“चेन बोलत न्हाई. झ्याक केलंयस.”

धैर्यशीलची छाती शर्टात मावेना.

“आणि या एका गिअरवर अख्खा पसरणी घाट चढतो मी. कुठेही उतरत नाही.”

“कुठंच न्हाई?”

“कुठंच नाही.”

“उद्या सकाळी बघू.”

सकाळी दोघे निघाले. पुढे धैर्यशील, मागे आपल्या जुन्या काळ्या सायकलवर वस्ताद.

सगळ्यात उभ्या चढावर, वळणाशी, एक म्हातारी उभी होती. दम खायला तिने गवताचा भारा खाली टेकवला होता. टेकवायला एकटं माणूस पुरतं, पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं लागतं.

“बाळा, जरा हात लाव रं!”

धैर्यशील सीटवरून उठून, दातओठ खात पायडल मारत होता. त्याने नुसती मान हलवली आणि पुढे गेला.

माथ्यावर पोचला तेव्हा घामाने निथळत होता. पण वाटेत पाय जमिनीला लागला नव्हता! खाली दिसणाऱ्या कृष्णेकडे त्याने असं पाहिलं, जणू ती त्यानेच वळवली होती.

बऱ्याच वेळाने वस्ताद आले. सायकल हातात धरून, चालत.

धैर्यशीलला हसू आवरेना.

“वस्ताद, तुम्ही चालत?”

वस्ताद टोपीवरच्या आणि खांद्यावरच्या गवताच्या काड्या झटकत राहिले.

“म्हातारीनं हाक मारली व्हती तुला.”

“ऐकली ना. पण त्या चढावर एकदा उतरलं की एका गिअरवर पुन्हा टांग मारता येत नाही. मग माथ्यापर्यंत चालतच...”

बोलता बोलता तो थांबला. वस्तादांच्या हातातल्या सायकलकडे बघत राहिला. तिलाही गिअर नव्हते.

“खरं हाय,” वस्ताद म्हणाले.

वारा सुटला होता.

शेवटी धैर्यशीलने हळूच विचारलं, “मग... शर्यतीत?”

वस्तादांनी सायकल उताराला वळवली.

“शर्यतीत उतरावं लागतं, लेका.”